फुटपाथवरच्या माणसाचा कुत्रा आणि आपलं आरोग्य



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाईंदरच्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या एका आजींच्या पायाला भंगार वेचताना पत्रा लागला. त्यात शुगर. मला कुणीतरी बोलावलं तोवर जखमेत किडे पडले होते. जीएनएमचा कोर्स करून मी चौदा वर्षं वॉर्डात काढली आहेत. पाय बघताच कळलं, हे पुलाखाली ड्रेसिंग करून भागणारं नाही. म्हटलं, "आजी, भरती व्हावं लागेल." आजींनी शेजारी बसलेल्या कुत्रीच्या पाठीवर हात ठेवला. "आणि राणीला कोण बघंल? मी गेले की पोरं दगडं मारतील, नाहीतर गाडी येऊन उचलून नेईल."

तीन दिवस त्या हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी आपल्या वस्तीतल्या एका ताईने राणीला दारात बांधून घ्यायचं कबूल केलं, तेव्हा आजी रिक्षात बसल्या. पायाचं एक बोट काढावं लागलं. पहिल्याच दिवशी गेल्या असत्या तर ते वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

गोष्ट इथे संपली नाही. नव्या जागेत बावरलेल्या राणीने ताईच्या सात वर्षांच्या मुलाच्या हाताला दात लावला, रक्त आलं. राणीला जन्मात एकही लस टोचलेली नव्हती. मुलाला लगेच लस सुरू केली, जखमेत सीरमही दिलं. राणीवर दहा दिवस नजर ठेवली. ती ठणठणीत राहिली. पण त्या दहा रात्री ताईला झोप नव्हती, आणि दवाखान्याच्या खेपांत तिचे रोजगाराचे दिवस बुडाले ते वेगळेच.

पुलाखाली महिन्यातून एकदा जनावरांच्या डॉक्टरची गाडी येत असती, तर यातलं बरंचसं टळलं असतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

"माणसांना औषध नाही, कुत्र्यांना कुठून?"

रविवारी वंदनेनंतर विहारात मी हा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. एक काका म्हणाले, "सोसायटीवाले कुत्र्याला बिस्किटं घालतात आणि आपल्या माणसाला गेटवर अडवतात. आता तुम्हीपण कुत्र्यांच्याच मागे लागलात?"

काकांचा राग खोटा नाही. ज्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, तिथे आपल्या माणसाला ओंजळभर पाणी नव्हतं. म्हणून 20 मार्च 1927 चा दिवस उगवला. पण महाडला बाबासाहेबांनी जनावरांना तळ्यावरून हाकला असं म्हटलं नाही. माणसाला माणसाचा हक्क द्या, असं म्हटलं. कुत्र्याला कुरवाळून त्याच्या शेजारी झोपलेल्या माणसाला हाकलणं, ही दया नव्हे. मी ज्या गाडीबद्दल बोलते आहे, ती त्या माणसासाठीच यायला हवी. त्याचा कुत्रा हे तिथे येण्याचं निमित्त.

कुत्रा का सोडवत नाही?

पुलाखाली दार नसतं, कडी नसते. रात्री कुणी जवळ आलं तर आधी कुत्रा उठतो. एकट्या बाईला तर तोच राखणदार. थंडीत अंगाला ऊब देतो, आणि दिवसभरात आपल्याला ओळखणारा तेवढाच एक जीव असतो. म्हणून "कुत्रा सोडून या" म्हटलं की ही माणसं दवाखान्यातही जात नाहीत आणि निवाऱ्यातही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असे निर्देश दिले. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाख 9 हजारांच्या वर होती. त्या हिशोबाने तेव्हाच आठ निवारे हवे होते. ते मागायलाच हवेत. पण निवारा मागताना दारात कुत्रा बांधायला एक कोपराही मागा. नाहीतर आजींसारखी माणसं बाहेरच राहतील.

गाडीची कल्पना नवी नाही

पहिलं महायुद्ध चालू असताना, 17 नोव्हेंबर 1917 रोजी, लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन या बाईंनी एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. पुढे त्यांच्या संस्थेने घोडागाडीतच दवाखाना थाटला आणि तो गावोगाव फिरवला. ती संस्था आजही चालू आहे. 2016 पासून इंग्लंडमध्ये 'स्ट्रीटव्हेट' या संस्थेचे डॉक्टर आणि नर्स पाठीवर पिशवी टाकून रस्त्यावर राहणाऱ्यांच्या कुत्र्यांना तपासतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 2015 साली डॉ. जॉन गेलर यांनी 'स्ट्रीट डॉग कोएलिशन' सुरू केली. त्यांच्या काही शिबिरांत एका टेबलावर कुत्र्याला लस आणि शेजारच्या टेबलावर त्याच्या माणसाची तपासणी होते. स्वतःसाठी डॉक्टरकडे न जाणारा माणूस कुत्र्यासाठी येतो, आणि आला की त्याचंही ब्लडप्रेशर बघता येतं, खोकला किती दिवसांचा हे विचारता येतं. नर्स म्हणून मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि हे आपण लंडनकडून शिकायला हवं असंही नाही. भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, वसई आणि मग नालासोपारा. तिथल्या सोपाऱ्याचा स्तूप आपण सहकुटुंब पाहून येतो. त्याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. याच लेखमालेतला दुसरा लेख जुनागडजवळ गिरनारच्या खडकावर आहे. माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची सोय केल्याचं सम्राटाने त्यात नोंदवलं आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ही दोन कामं एकाच लेखात शेजारी शेजारी लिहिली गेली.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्धची संस्था 1874 साली निघाली, परळला पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली सुरू झालं. दवाखाने आहेत. पण भाईंदरच्या पुलाखालून आजारी कुत्रा घेऊन परळला कसं जायचं? लोकलच्या गर्दीत नेता येत नाही, रिक्षावाला थांबत नाही, आणि खाजगी डॉक्टरची फी म्हणजे भंगाराची तीन-चार दिवसांची कमाई.

सरकारचे फिरते पशुदवाखाने आहेत. 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की गाडी शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाते. चांगली योजना आहे. पण तिचा हिशोब साधारण एक लाख पशुधनामागे एक गाडी असा आहे. पशुधन म्हणजे गाय, म्हैस, शेळी. पुलाखालची राणी त्या मोजणीत बसत नाही. महापालिका नसबंदी आणि लसीकरण करते ते भटक्या कुत्र्यांचं. राणी भटकी नाही, तिला माणूस आहे. त्या माणसाला मात्र पत्ता नाही. त्यामुळे दोन्हीकडे ती सुटते.

याचा धोका आता वाढला आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री तिथून हलवून निवाऱ्यात ठेवायला आणि पुन्हा त्याच जागी न सोडायला सांगितलं. स्टेशनबाहेर झोपणाऱ्या माणसाचा कुत्रा उचलणाऱ्याला भटकाच दिसणार. गळ्यात पट्टा आणि हातात लसीचं कार्ड असेल, तर हे कुणाचं तरी जनावर आहे एवढं तरी सांगता येईल. कित्येकांसाठी तर स्वतःचं नाव असलेला तो एकुलता एक कागद ठरेल.

यात आपल्या लेकरांचा जीव आहे

माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो. लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळजवळ कुणीही वाचत नाही. मरणाऱ्यांत लहान मुलं फार, कारण ती कुत्र्याशी खेळतात आणि चावलेलं घरी सांगत नाहीत.

पण हा रोग अडवता येतो, हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. तिथे 2013 ते 2019 या काळात पथकं गल्लोगल्ली गेली. वर्षाला 95 हजारांवर कुत्र्यांना, म्हणजे शंभरातल्या सत्तरांना, लस टोचली. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. तिथे कुत्र्यांना दवाखान्यात बोलावलं नाही, लस कुत्र्यांपर्यंत नेली. फुटपाथवरची कुत्री त्या सत्तरात धरली नाहीत, तर वस्तीच्या कडेला रोगाला जागा उरते.

पावसाळ्यात लेप्टोचाही विचार करा. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. अशा पाण्यातून चालला असाल तर पाय साबणाने धुवा आणि डॉक्टरांना विचारा. गरज असेल तर ते गोळ्या देतात.

कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरबाडलं तर एवढं करा:

- जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवा.
- चुना, तिखट, हळद, तेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
- त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. कातडीत देण्याची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. एकही खेप चुकवू नका.
- रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या सीरमबद्दल स्वतःहून विचारा.
- चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस थांबवू नका.

आपण काय करू शकतो

पहिलं काम यादीचं. आपापल्या वस्तीच्या आसपास पूल, नाका, स्टेशन इथे कोण राहतं, कुणाकडे किती कुत्री-मांजरं आहेत, हे महिला मंडळाच्या दोघी-तिघी एका रविवारी लिहू शकतात.

दुसरं, ती यादी जोडून महापालिकेला लेखी अर्ज द्या. महिन्यातून एकदा पशुवैद्य असलेली गाडी, रेबीजची लस, जंताचं औषध, मालकाच्या नावाचं कार्ड, हे सगळं मोफत मागा. गाडीसोबत माणसांसाठी एक नर्सही मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. वेळ सकाळी सहा ते आठची मागा. नंतर ही माणसं भंगाराला निघून जातात. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. निदान त्या दिवशी तरी शिबिर लागलंच पाहिजे.

तिसरं, कुणी दवाखान्यात भरती होत असेल तर त्याचं जनावर आठ-पंधरा दिवस सांभाळणारी तीन-चार घरं प्रत्येक वस्तीत ठरवून ठेवा. ते जनावर लस टोचूनच घरात घ्या. आमच्या ताईचा अनुभव तुम्हाला नको.

विहारातले ते काका परवा आजींना भेटायला आले होते. राणीला आता लस टोचली आहे. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून पशुवैद्याला पुलाखाली आणलं होतं. कार्डावर मालकाचं नाव काय लिहायचं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आजींनी आधी नुसतं नाव सांगितलं. मग थांबून नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण सांगितलं. ते कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवलं आहे. काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अर्जावर माझी पण सही घ्या."

अर्ज तयार आहे. सह्या हव्या आहेत. जयभीम!