वजनात न दिसणारी काजळी

मुंबईतला मोहम्मद अली रोड. दुतर्फा इमारती, डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल आणि खाली मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनं. इथला धूर चटकन वर जात नाही, माणसांच्या नाकाच्या उंचीवरच घुटमळतो. त्यात काजळी असते. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषक मोजले जातात, पण काजळीचा त्यात वेगळा हिशेब नाही.

डिझेल इंजिनात दाबलेल्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडतात. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे इंधन अर्धवट जळतं आणि कार्बनचे गोलक तयार होतात. ते एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या बनतात, त्यांच्यावर विषारी रसायनांचा थर बसतो. हे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्येच जाहीर केलं आहे.

मग निर्देशांकात ही काजळी का उठून दिसत नाही? कारण ती ज्यात मोडते ते निर्देशांकातलं पीएम २.५ हे माप वजनाचं आहे: एक घनमीटर हवेत अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे सगळे कण मिळून किती मायक्रोग्रॅम भरतात, एवढंच ते सांगतं. काजळीचा एक गोलक साधारण ५० नॅनोमीटरचा धरला, तर धुळीच्या अडीच मायक्रोमीटरच्या एका कणाएवढं आकारमान व्हायला असे सव्वा लाख गोलक लागतात! वजनाच्या तराजूत धूळ जड ठरते, काजळी झाकली जाते.

दुसरा प्रश्न अंतराचा. काजळी वाहत्या रस्त्यालगत सर्वाधिक असते आणि काहीशे मीटरांत झपाट्याने विरळ होते. त्यामुळे शहराची सरासरी आणि वाहतूक पोलिसाचा किंवा फेरीवाल्याचा श्वास यांत मोठी तफावत पडते. हवामानानेही फरक पडतो. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे मुंबईची हवा धुऊन काढतात. हिवाळ्यात ते मंदावतात, जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो.

उपाय आहेत आणि ते लागूही पडतात. १ एप्रिल २०२०पासून देशभर आलेल्या भारत स्टेज-६ (बीएस-६) या वाहनांच्या धुराच्या निकषांनी डिझेल मोटारींच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५वर आणली, कणांच्या संख्येवरही बंधन घातलं. मात्र जुने ट्रक आणि टेम्पो अजून रस्त्यावर आहेत. विजेवरच्या बसमधून काजळी निघत नाही, पण टायर-ब्रेकची झीज आणि रस्त्यावरची धूळ उरतेच. म्हणून वाहनांची गर्दीही कमी व्हायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये काजळी आणि अतिसूक्ष्म कण वेगळे मोजण्याची शिफारस केली. नव्या डिझेल मोटारीच्या सायलेन्सरपाशी कण मोजायचा नियम आपण केला, मग जिथे माणसं श्वास घेतात त्या रस्त्याकडेला का नाही? शाळा, बसथांबे आणि बाजारपेठांजवळ काजळी मोजावी, आकडे रोज जाहीर करावेत. कोणत्या रस्त्यावरून जुनी वाहनं आधी हटवायची, हे त्या आकड्यांवरूनच ठरेल.