मागेल त्याला काम
भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. यावर उपाय म्हणून कायदा आहे, तोही मुळात आपलाच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. २००५च्या केंद्रीय कायद्याने ‘मागेल त्याला काम’ हेच सूत्र देशभर नेलं. मेख कागदात आहे: ‘नमुना ४’ भरून कामाची लेखी मागणी करायची, तारखेची पोचपावती घ्यायची. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. पावती नसेल तर भत्ता विसरा. भट्टीवाला मात्र उचल आधीच हातावर ठेवतो. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, तीही बँकेत.