शादीखान्याची रिकामी दुपार

शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंत मुलांनी जायचे कुठे?

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे व्हायला हवे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. भागाकार केला तर लहान मुलाच्या वाट्याला दिवसाचे चार तास येतात आणि मोठ्याच्या वाट्याला साडेचार. परिपाठ, मधली सुट्टी, खिचडी धरून पाच-साडेपाच तास म्हणा. कामावर जाणाऱ्या आईचा दिवस मात्र आठ तासांचा असतो, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. या दोन हिशेबांच्या मध्ये तीन-चार तास उरतात. त्या वेळात आपली मुले रोज कुठे असतात, हा प्रश्न मोहल्ल्याच्या बैठकीत क्वचितच निघतो.

शहरातल्या अनेक शाळा खोल्या कमी असल्यामुळे दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीचे मूल साडेबारालाच मोकळे होते. दुपारच्या पाळीचे मूल सकाळभर घरी असते आणि शाळेला जाताना कुलूप लावून किल्ली शेजारी देते. म्हणजे प्रश्न फक्त शाळा सुटल्यानंतरचा नाही, शाळा भरण्याआधीचाही आहे.

आपल्या घरांत याचे उत्तर पूर्वी सोपे होते. दादी होती, नानी होती, वाड्यात चार चुली होत्या. कुणाचे तरी लक्ष असायचे. आता कोकणातल्या गावांत वडील आखातात, थोरला मुलगा मुंबईला आणि घरात सून व दोन मुले, अशी घरे कितीतरी आहेत. सून शिकलेली असेल तर तीही शाळेत, दवाखान्यात, बँकेत कामाला जाते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या वस्तीत बाया कांड्या भरायला जातात. सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. तिथे आई घरातच असते, पण हात मोकळे नसतात. शाळेतून आलेले मूल मग पाने कातरायला बसते किंवा बाहेर हुंदडायला जाते. सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिम महिलांच्या घरबसल्या कामाकडे लक्ष वेधले होते. त्या कामाची मजुरी सगळ्यांना दिसते, पण त्या घरातल्या मुलांच्या दुपारीकडे कुणी पाहत नाही.

या दुपारची किंमत सगळ्यात जास्त कोण मोजते? बहुतेक घरांत थोरली मुलगी. धाकट्यांना सांभाळायला ती आधी एक दिवस शाळा बुडवते, मग आठवड्यातून दोन दिवस. सातवी-आठवीत ती मागे पडते आणि शेवटी "तिला अभ्यासात गोडी नाही" म्हणून शाळा सुटते. गोडी होती, वेळ नव्हता. मुलींच्या शिक्षणावर आपण जलसे घेतो, बक्षिसे वाटतो. धाकट्या भावाला दुपारी कुणी सांभाळले, तर त्या बक्षिसाच्या यादीत आणखी काही नावे येतील.

कायदा सहाव्या वर्षी थांबतो

सरकारने काहीच केले नाही असे नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची तरतूद होती, तीही सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुले आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, तिथेही वय सहाच्या आतले. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतही सहा महिने ते सहा वर्षे हीच मर्यादा.

सहाव्या वर्षी मूल शाळेत गेले की सांभाळण्याची जबाबदारी संपली, असे या सगळ्या कायद्यांनी गृहीत धरलेले दिसते. सात वर्षांचे मूल दुपारी एक ते सहा एकटे राहू शकते का, हे कोणत्याही आईला विचारा. मोबाइल, रस्ता, विहीर, नदी, गॅसची शेगडी आणि नको त्या माणसाची संगत, ही सगळी भीती तिच्या मनात कामावरही असते.

जागा आहे, तिला कुलूप आहे

खाजगी पाळणाघर मोठ्या शहरांत मिळते. तालुक्याच्या गावी मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही. घरे दोन खोल्यांची. मग जागा कुठून आणायची?

आपल्या मोहल्ल्यात एक इमारत बहुधा असतेच. कुठे तिला शादीखाना म्हणतात, कुठे जमातीचा हॉल, कुठे समाजमंदिर किंवा नगरपालिकेचे सांस्कृतिक सभागृह. काही हॉल वर्गणीतून उभे राहिले, काही आमदार-खासदार निधीतून, काही राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनांतून. केंद्राच्या प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमातही 'सद्भाव मंडप' नावाची सभागृहे बसतात. फरशी चांगली, पंखे आहेत, पाण्याची टाकी आहे, संडास आहेत. आणि सोमवार ते गुरुवार दुपारी दाराला कुलूप आहे.

हॉलचा वापर कसा करावा यावर गावोगाव वाद असतात. तरुणांना व्यायामशाळा हवी असते, स्पर्धा परीक्षावाल्यांना अभ्यासिका, ज्येष्ठांना बसाउठायला जागा. ट्रस्टींना भाड्याची चिंता असते. त्यात कुणी म्हटले, "मुलांसाठी दुपारी हॉल उघडा," तर पाच आक्षेप येतात. ते चुकीच्या हेतूने येतात असे नाही, म्हणून एकेकाचे उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप भाड्याचा. हॉलचे भाडे बंद झाले तर वीजबिल कोण भरणार? यावर वाद घालण्याऐवजी बुकिंगची वही उघडावी. लग्ने रविवारी, मे महिन्यात, आखातातून माणसे सुट्टीवर येतात तेव्हा होतात. रमजानमध्ये लग्ने नसतात, मोहर्रममध्ये पुष्कळ घरे टाळतात. गेल्या वर्षभरात कामकाजाच्या दिवशी दुपारी हॉल किती वेळा लागला, ते मोजावे. ज्या दिवशी बुकिंग असेल त्या दिवशी मुलांचा वर्ग बंद, ही अट आधीच लिहून ठेवली तर भाड्याचा एक रुपयाही बुडत नाही. पालकांना मात्र आठ दिवस आधी कळवावे, म्हणजे त्या दिवसाची सोय त्यांना पाहता येते.

दुसरा आक्षेप मोडतोडीचा आणि कलकलाटाचा. मुले भिंतीवर लिहितील, खुर्च्या मोडतील. थोडेफार होईल. एक बाजूची खोली किंवा स्टेजपुढची अर्धी जागा ठरवून दिली, सतरंज्या आणि एक कपाट ठेवले, तर खुर्च्यांना हात लागत नाही. आवाजाचे म्हणाल, तर जमातीत मूल रडताना ऐकून रसूलुल्लाह (स.) नमाज आटोपती घेत, आईचा जीव तिथे अडकलेला असतो म्हणून. मुलांचा आवाज आपल्या वारशाला परका नाही.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: "बायांनी घरी राहावे, म्हणजे ही वेळच येणार नाही." ज्या घरात नवरा आजारी आहे, ज्या घरात नवराच नाही, ज्या घरात एका मजुरीत भागत नाही, त्या घराला हे सांगून काय उपयोग? ती बाई कामावर जाणारच आहे. आपण ठरवायचे आहे ते इतकेच, की तोपर्यंत तिचे मूल कुठे असेल.

चौथा आक्षेप मक्तबचा. मुले दुपारी मक्तबला जातात, मग वेगळी सोय कशाला? मक्तब तास-दीड तासाचा असतो. आधी आणि नंतरचा वेळ उरतोच. उलट दोन्ही जोडता येतात: शाळेतून हॉलवर, हात-तोंड धुऊन थोडे खाणे, मग मक्तब, परत येऊन गृहपाठ आणि खेळ.

पाचवा प्रश्न, मुले कोणाची? ज्या हॉलला सरकारी पैसा लागला, तो सगळ्या वस्तीचा आहे. शेजारच्या गल्लीतल्या भाजीवालीचे मूलही तिथेच यावे. वर्गणीतून बांधलेल्या हॉलनेही दार उघडे ठेवले तर काही कमी होत नाही. एकत्र गृहपाठ केलेली मुले मोठी झाल्यावर एकमेकांना नावाने ओळखतात, आणि गावात कधी वातावरण बिघडले तर ही ओळख उपयोगी पडते.

राहिले तरुण आणि ज्येष्ठ. वेळापत्रक केले तर भांडण उरत नाही. सकाळी ज्येष्ठ, दुपारी एक ते सहा मुले, मगरिबनंतर अभ्यासिका. हॉल एकच असला तरी दिवस मोठा आहे.

दार उघडण्याआधी

चांगला हेतू पुरेसा नाही, कारण मुले सोपवली जाणार आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये घरात नसणारे धोके असतात. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण, गच्चीच्या दाराला कुलूप, जनरेटर आणि उघड्या वायरींपासून आडोसा, सिलिंडर व मोठी भांडी बंद खोलीत, मंडपाचे बांबू बाहेर, एवढे पहिल्याच दिवशी तपासावे.

सांभाळायला एकटी व्यक्ती कधीच नको, नेहमी दोघीजणी हव्यात. एकीकडे पंधरापेक्षा जास्त मुले देऊ नयेत. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या, धीराच्या बाया निवडाव्यात आणि त्यांना पगार द्यावा. हे काम सवाबचे आहे म्हणून फुकट करून घेतले, तर तीन महिन्यांत त्या थकतात आणि वर्ग बंद पडतो. जे कोणी मुलांच्या संपर्कात येतील त्यांची पोलीस पडताळणी करून घ्यावी. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्यानुसार असा प्रकार कळला तर तक्रार करणे बंधनकारक आहे. जमातीत बसून मिटवणे हा गुन्हा ठरतो. बालमदतीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावा.

हजेरीची वही रोज भरावी: मूल किती वाजता आले, कोण घेऊन गेले. नेणाऱ्याचे नाव पालकांनी आधी लिहून दिलेले असावे. चुलता असला तरी नाव नसेल तर फोन केल्याशिवाय मूल सोपवू नये. आधी वाईट वाटते, नंतर सगळ्यांना सवय होते.

आणि दुपार म्हणजे दुसरी शाळा करू नये. खाणे, अर्धा तास आडवे होणे, गृहपाठ, गोष्टीची पुस्तके, कॅरम, लगोरी, एवढे पुरे.

पैसा आणि कागद

नगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकातील ५ टक्के आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी, असा दंडक महाराष्ट्रात आहे. शिलाई मशीन वाटपापलीकडे हा पैसा कुठे गेला, हे ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारता येते. दोन बायांचे मानधन त्यातून मागता येते. उरलेला खर्च पालकांच्या ऐपतीप्रमाणे, आणि ज्यांना देणे शक्य नाही त्यांच्यासाठी दोन-चार दुकानदार उभे राहतात, हा आपल्या वस्त्यांचा अनुभव आहे.

हॉल ट्रस्टचा असेल तर न्यासपत्रात किंवा वक्फनाम्यात त्याचा उद्देश काय लिहिला आहे, ते आधी वाचावे. मागणी तोंडी करू नये. वीस-पंचवीस आयांच्या सह्यांचा अर्ज, मुलांची यादी, दिवस आणि वेळ, साफसफाई कोण करणार, नुकसान झाले तर कोण भरणार, हे एका पानावर लिहून द्यावे. आणि कायमचा ठराव मागण्याऐवजी तीन महिन्यांची परवानगी मागावी. तीन महिन्यांसाठी हो म्हणणे ट्रस्टींनाही सोपे जाते.

हे कुठे झालेच नाही असे नाही. कर्नाटकाने २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत मुलांना मोफत सभासद करून घेण्याची मोहीम काढली आणि गावातली एक दुर्लक्षित खोली मुलांची झाली. केरळात कुटुंबश्रीच्या बालसभा वस्तीपातळीवर मुलांना एकत्र आणतात. जपानमध्ये गळ्यात किल्ली अडकवून घरी जाणाऱ्या मुलांना 'किल्लीची मुले' म्हणत. १९९७ मध्ये शाळेनंतरच्या सांभाळाला तिथे कायद्यात जागा मिळाली. आणि आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. इमारतीची वाट पाहिली नाही.

आपल्याकडे तर इमारत आहे. पुढच्या बैठकीला जाताना आयांचा अर्ज आणि हॉलची बुकिंगची वही, दोन्ही टेबलावर ठेवा. आणि शक्य झाले तर त्या आयांपैकी दोघींना बोलावून घ्या. दुपारी एक ते सहा काय होते, हे त्यांच्याइतके नीट कुणालाच सांगता येणार नाही.