नितळ पाण्यात मासे का मरतात?

काही वर्षांपूर्वी घरच्या मत्स्यपेटीतील गाळणीचा स्पंज मी नळाखाली धरून अगदी स्वच्छ धुतला. पाणी काचेसारखे नितळ झाले, पण चार दिवसांत निम्मे मासे मेले. चूक माझीच होती.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. नदीत तो वाहून जातो. पेटीत साठत राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नितळ पाणीही विषारी असू शकते. स्पंजावरचा बुळबुळीत थर म्हणजे नुसती घाण नव्हे; ती जीवाणूंची वसाहत असते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रोस्पायरासारखे दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच कमी घातक असते. क्लोरीनयुक्त पाण्याने मी ही वसाहतच उद्ध्वस्त केली होती. नव्या गाळणीत ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पाण्याच्या दुष्फेनतेचा यात काय संबंध? जीवाणूंच्या या कामात आम्ल तयार होते. दुष्फेन पाण्यात सहसा असणारे बायकार्बोनेट ते उदासीन करते. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्ची पडते. हा साठा संपला की पाण्याचा सामू घसरतो, जीवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियम आयनांच्या, म्हणजे कमी घातक रूपात असतो. अशा वेळी घाबरून सगळे पाणी एकदम बदलले, तर सामू वाढून उरलेला अमोनिया पुन्हा विषारी रूप घेतो!

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. बोअरचे आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत दहा मिनिटे उकळा व निवू द्या. बोअरच्या पाण्याच्या तळाशी पांढरा साका दिसला, तर तो विरघळलेल्या बायकार्बोनेटपासून बनलेला कार्बोनेट होय. पावसाच्या पाण्यात असा साका जवळजवळ दिसणार नाही. नुसते पावसाचे पाणी भरलेल्या पेटीचा सामू लवकर का घसरतो, हे मग विद्यार्थीच सांगतील.

शाळेत मत्स्यपेटी असेल तर स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे, तेही क्लोरीन काढून टाकलेले. स्वच्छता हवीच, पण कोणाला धुऊन टाकतो आहोत, हे आधी पाहावे.