शेवट माहीत असलेली मालिका उशिरा सुरू करताना

'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा मी बी.एस्सी.ला होते आणि हॉस्टेलच्या टीव्हीचा रिमोट सीनियर मुलींच्या ताब्यात असायचा. दुसरा सीझन २०१९ ला आला, तिसरा २०२१ ला. तिन्ही हुकले. गेल्या महिन्यात थीसिसचं एक प्रकरण गाईडकडे दिलं आणि सिंदेवाहीला मावशीकडे गेल्यावर रात्री मोबाईलवर पहिला एपिसोड लावला. मावशी शेजारी येऊन बसली. "काऊन वो, आता पाहून रायली का? तो अण्णा मरते ना!"

अण्णा नाईक मरतात हे तसं गुपित नाहीच, पहिल्या सीझनची सुरुवातच त्यांच्या मृत्यूने होते. पण मावशी तिथे थांबली नाही. पुढच्या दोन गोष्टी तिने सांगून टाकल्या (त्या इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी कुणीतरी अजून बघायचं असेल). बाकीचं व्हॉट्सॲपवरच्या मीम्सनी आधीच सांगितलं होतं. शेवंता कोण, हे मालिका न बघताही महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे.

तर प्रश्न असा: रहस्य आधीच फुटलं असेल तर बघण्यात काय उरतं? यावर खरंच संशोधन झालंय.

२०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (सॅन दिएगो) दोघांनी १२ लघुकथा घेतल्या. काही रहस्यकथा, काही शेवटी कलाटणी देणाऱ्या, काही निव्वळ साहित्यिक. प्रत्येक कथेची तीन रूपं केली: एक जशीच्या तशी, दुसऱ्यात सुरुवातीला वेगळा परिच्छेद टाकून शेवट फोडलेला, तिसऱ्यात तोच परिच्छेद जणू मूळ कथेचाच भाग म्हणून घातलेला. वाचकांनी गुण द्यायचे. सगळ्यांना वाटत होतं त्याच्या उलट झालं. शेवट आधी सांगितलेल्या कथा, अगदी रहस्यकथासुद्धा, वाचकांना जास्त आवडल्या. तिसऱ्या रूपाने मात्र फारसा फरक पडला नाही.

मग २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांचा पेपर आला, तोही लघुकथांवरच. त्यांनी 'आवडली का' हा एकच प्रश्न न विचारता त्याचे तुकडे केले: मजा आली का, उत्कंठा वाटली का, कथेत गुंतलात का. इथे शेवट फुटलेल्या कथा मागे पडल्या.

गंमत म्हणजे मी हे दोन पेपर उलट्या क्रमाने वाचले. आधी २०१५ चा. त्यामुळे २०११ चा वाचताना पानापानावर वाटत होतं, "यांनी एकाच आकड्यात सगळं कोंबलंय, हे तर उघड आहे." उघड होतं का? मी आधी २०११ चा वाचला असता तर मला ते दिसलं असतं का? आता कळायला मार्ग नाही. आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी मजेच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हीच गोष्ट मोजली. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्यांना वेगवेगळे शेवट 'खरा' म्हणून सांगितले: कुणाला इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे, कुणाला बरोबरी. नंतर विचारलं, शेवट माहीत नसता तर कशाची शक्यता किती वाटली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटला. "माहीत नाही असं समजून सांगा" म्हटल्यावरही. उत्तर एकदा डोक्यात गेलं की ते बाजूला ठेवून विचार करणं आपल्याला जमत नाही, आणि जमत नाही हे लक्षातही येत नाही.

मावशीचं तेच झालंय. ती म्हणते, "मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं." २०१६ ला तिला काय समजलं होतं याची नोंद कुठेच नाही, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं स्वतःचं उदाहरण मावशीपेक्षा वाईट आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी कॅमेरा ट्रॅपचे फोटो वर्गवार लावत होते. एका ठिकाणी आदल्या दिवशी वाघाने गाय मारली, हे मला माहीत होतं. तिथल्या एका धुरकट फोटोवर मी बिनधास्त 'वाघ' लिहिलं. लॅबमधल्या मैत्रिणीला तोच फोटो जागा आणि तारीख झाकून दाखवला, तर ती म्हणाली, "मागचा भाग दिसतोय फक्त, बिबटपण असू शकतो." तिचं बरोबर होतं. फोटोतले पट्टे मी डोळ्यांनी बघितले नव्हते, गायीवरून बघितले होते. त्या आठवड्यातले सगळे फोटो पुन्हा लावावे लागले.

म्हणून मालिका बघताना मी एक वही ठेवली आहे. एपिसोड संपला की पुढे काय होणार, संशय कुणावर, हे दोन ओळीत लिहायचं, तारीख टाकायची, मगच पुढचा एपिसोड. मावशीने सांगितलेल्या दोन गोष्टींच्या जवळ जाणारा अंदाज असेल तर शेजारी फुली, तो मोजायचा नाही. पेपर वाचतानाही हेच करता येतं. सारांश झाका, पद्धतीपर्यंत वाचा, निकाल काय येईल ते पेन्सिलने समासात लिहा, मग पान उलटा. पहिले काही पेपर फार वेळ जातो, चिडचिड होते. पण आपल्याला कुठलं खरंच दिसत होतं आणि कुठलं नंतर दिसल्यासारखं वाटलं, हे त्याशिवाय कळत नाही.

उशिरा आलेल्याला एक सवलत मात्र आहे, ती २०१६ च्या प्रेक्षकांना नव्हती: क्रम निवडता येतो. दुसरा सीझन पहिल्याच्या आधीच्या काळात घडतो. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता लोकांच्या डोक्यात बसली ती तिथेच. मैत्रीण म्हणत होती, कथेच्या क्रमाने बघ, आधी दुसरा. मला पटलं नाही. दुसरा सीझन रचलाच आहे तो अण्णा मरणार हे ठाऊक असलेल्यांसाठी. 'काय होणार' ऐवजी 'कसं होणार' यावर तो चालतो. आपल्या झाडीपट्टीत कथा माहीत असलेल्या नाटकाला लोक पहाटेपर्यंत बसतातच की. विषयात नवीन असताना पेपर वाचायचा क्रमही मी तोच ठेवते: छापून आले त्या क्रमाने. कुणाला तेव्हा काय माहीत नव्हतं, ते तसंच वाचलं तर दिसतं.

वहीत आजवर १४ अंदाज आहेत. तीन बरोबर, नऊ चूक, दोनवर फुली. मावशीला दाखवले तर म्हणाली, "एवढंबी नाही समजत तुले?"