एका जागी न बसणारं मूल

“काकू, याला काय करू हो? गोळ्या नकोत म्हणतात घरचे, आणि मार तरी किती द्यायचा!” आमच्या वैरागच्या गल्लीतली एक सून महिन्यापूर्वी माझ्या ओट्यावर बसून रडली. मुलगा आठ वर्षांचा. पाढे म्हणताना सारखे पाय हलतात, वही टाकून उठतो, शाळेतून रोज तक्रार. सासूबाईंच्या मते आईचे लाड. डॉक्टरांच्या मते अतिचंचलता, म्हणजे हल्ली ज्याला ‘एडीएचडी’ म्हणतात ते.

प्रत्येक खोडकर मूल अतिचंचल नसतं बरं का! लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसावी लागतात, निदान सहा महिने टिकावी लागतात, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे असावी लागतात. घरी वादळ नि शाळेत गरीब गाय असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

औषधाशिवाय काही करता येतं का, यावर जगभर शोध चालू आहे. हालचाल, स्पर्श, आवाज यांतून मुलाला स्थिर करायचं, ही त्यातली एक वाट. आपल्याकडे ती व्यवसायोपचारातून आली. मूळच्या अमेरिकन, लग्नाने मराठी झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राची देशातली पहिली शाळा काढली. पुढे अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की तोल, स्पर्श, स्नायू यांच्याकडून येणारे निरोप काही मुलांच्या मेंदूला नीट जुळवता येत नाहीत. म्हणून झोके, दाब, ओढाओढीचे खेळ. कल्पना पटण्यासारखी, पण अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली बजावलं, की याचा पुरावा अजून अपुरा आहे. मोठ्या उपचाराचा एक भाग म्हणून करा, गुण येतो का ते तपासा. तेव्हा महागड्या वजनदार गोधड्यांच्या जाहिराती पाहून पर्स उघडू नका!

पाय हलवण्याची गोष्ट मात्र मला फार आवडली. २०१५ साली फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसलं, की डोक्यात काही धरून ठेवण्याचं काम करताना ही मुलं जितकी हलतात, तितकी ती बरी करतात. म्हणजे “पाय हलवू नकोस” म्हणत आपण त्यांचा आधारच काढून घेतो की काय!

आवाजाचंही तसंच. स्वीडनमध्ये २००७ साली दिसलं, की पंख्याच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजात या मुलांच्या लक्षात जास्त राहिलं आणि इतर मुलांचं बिघडलं. नंतरच्या अभ्यासांतही फायदा दिसला, पण थोडाच. तेव्हा घरात टेबलफॅन असेल तर अभ्यासाला लावून पाहा, आवाज मात्र हलका ठेवा. धाकटी बहीण तिथेच अभ्यास करत असेल तर तिला दुसऱ्या खोलीत बसवा.

त्या सुनेला मी एवढंच सांगितलं: अभ्यासाआधी त्याला अर्धा तास पळू दे, पाण्याची छोटी कळशी आणू दे, भाकरीचं पीठ मळू दे. पाढे उभ्याने म्हणू दे. एका वेळी एकच बदल कर, दोन आठवडे वहीत लिहून ठेव.

आणि गोळ्यांचं म्हणाल, तर त्या विष नव्हेत. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तज्ज्ञ आधी आईवडिलांनाच शिकवण्याचा सल्ला देतात. त्यापुढे औषधाचा गुण झोक्यांपेक्षा कितीतरी पक्का सिद्ध झालाय. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे, अतिचंचलताही त्यात येते. पथक शाळेत येतं तेव्हा गुरुजींना सांगून मुलाचं नाव पुढे करा, लाजू नका.

परवा ती पुन्हा आली होती. डॉक्टरांची पुढची तारीख घेतली आहे म्हणाली. पाढे आता ओट्यावर उड्या मारत होतात. तेराला अजून पळून जातो, पण बारापर्यंत येतो. सासूबाई म्हणतात, “हा कसला अभ्यास, हा तर तमाशा!”