‘चूक माझीच, मग मागू कुठल्या तोंडाने?’

भोसरी किंवा वाळूजच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली बोट सापडतं. फडकं गुंडाळून, मालकाच्या गाडीत घालून दवाखाना गाठतात. डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ जखमी माणसाने तोंड उघडण्याआधी सोबतचा सुपरवायझर सांगून मोकळा होतो, ‘घरी, दारात सापडलं.’ केस पेपरवर तेच उतरतं आणि पुढचं सगळं भांडण त्या एका ओळीशी होतं. म्हणून उत्तर आपणच द्यावं: कुठला कारखाना, कुठलं मशीन, किती वाजता. लिहिलेलं वाचून घ्यावं, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आपलीच चूक होती म्हणून काही मिळणार नाही, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. 1923 च्या भरपाई कायद्यात कामगाराचा नुसता निष्काळजीपणा आड येत नव्हता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी तत्त्व तेच राहिलं. नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, मशीनचा गार्ड मुद्दाम काढणं, हे अपवाद. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही मालकाच्या कामी येत नाहीत. (आणि गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला होता, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं.)

‘मालकाने बिल भरलं, विषय मिटला,’ असंही म्हणतात. उपचाराचा खर्च वेगळा, भरपाई वेगळी. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसलेल्या शेडमधला तिशीचा कामगार घ्या, पगार 15,000. उजव्या हाताची तर्जनी पूर्ण गेली, तर कायद्याच्या परिशिष्टात त्यासाठी 14 टक्के धरले आहेत. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98, आणि त्याचे 14 टक्के: सुमारे 2 लाख 62 हजार रुपये. हातावर दहा हजार टेकवून ‘यापुढे काही मागणं नाही’ असं लिहून घेतलं, तरी हक्क सोडल्याचा तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. कोऱ्या कागदावर मात्र सही किंवा अंगठा देऊ नका.

‘तू ठेकेदाराचा माणूस, त्याच्याकडे जा,’ हे उत्तरही ऐकून घ्यायचं कारण नाही. ज्या कारखान्याच्या कामावर लागलं, त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. ती ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही, हे त्याने बघावं. घर ते काम या वाटेवरचा अपघातही, वेळ आणि ठिकाण यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच धरतात.

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात 21,000 पर्यंत पगार असेल, तर सहसा ईएसआय लागू होतं आणि पैसे मालकाऐवजी ईएसआय महामंडळ देतं. ‘कार्ड निघालं नव्हतं’ किंवा ‘अजून वर्गणी भरली नव्हती’ म्हणून गप्प बसू नका. कामावरच्या दुखापतीला किमान वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क असतो. काम करता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. अपघात झाल्यावर घाईघाईने नाव नोंदवणारे मालकही आहेत, तेव्हा नोंदणीत नेमणुकीची तारीख कुठली पडली आहे ते बघा. अपघाताच्या वहीतली नोंद आणि मालकाने पाठवलेल्या अहवालाची प्रतही मागून घ्या.

‘जखम भरू दे, मग बघू’ म्हणता म्हणता मुदत निघून जाते. ईएसआय नसेल तिथे दावा साधारण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. सबळ कारण असलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. नेमणूकपत्र नाही म्हणून अडत नाही. बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, हजेरीच्या पानाचा फोटो, ‘उद्या सेकंड शिफ्टला ये’ असा सुपरवायझरचा व्हॉट्सअॅप मेसेज, हाही पुरावाच. फोन बदलण्याआधी तो मेसेज जपून ठेवा.